मन भटकलं की काय करायचं? आधी एवढंच विचार

पत्र:
"ताई, मी सांगलीची, वय ३६, बँकेत नोकरी. गेलं वर्षभर झोपेचं खोबरं झालंय, रात्री तीनला जाग येते आणि मग उद्याचं काम, मुलाची फी, बाबांचं ऑपरेशन असं डोक्यात सुरू होतं ते सकाळपर्यंत. सगळे सांगतात ध्यान कर. पण कुठलं? आई म्हणते जपमाळ घे, भाऊ म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये, योगाच्या क्लासमध्ये मॅडम त्राटक आणि योगनिद्रा घेतात, ऑफिसमधली मैत्रीण कुठूनतरी मंत्र घेऊन आलीय आणि तो कुणाला सांगायचा नसतो म्हणते, मोबाईलवरचं ॲप श्वास मोजायला लावतं, यूट्यूबवर चक्रं. वहीत लिहायला बसले तर अकरा नावं झाली. त्यात श्वासावर लक्ष दिलं की मला छातीत धडधडतं, श्वास पुरत नाहीये असं वाटतं. म्हणजे मला ध्यान जमणारच नाही का? ह्यातलं खरं कुठलं? आणि सगळं थोडं थोडं केलं तर चालेल का?"

अगं, आधी धडधडीचं बोलू, बाकीचं वर्गीकरण वगैरे मागाहून. तुला ध्यान जमणार नाही असं अजिबात नाहीये. ज्यांचं टेन्शन छातीत जाऊन बसतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे होतं, कारण श्वासाकडे बघायला सांगितलं की ते बघत नाहीत, तपासायला लागतात, हा श्वास पुरला का, पुढचा पुरेल का, आणि तपासता तपासता नकळत मोठे मोठे श्वास घेतले जातात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर, हाताला मुंग्या, धडधड, आणि ते बघून अजून भीती. हे असं गोल फिरत राहतं. ह्यात तुझं काही चुकलेलं नाही, तुला मिळालेली पद्धत सध्याच्या तुझ्यासाठी बरोबर नाही, एवढंच. पण एक काम मात्र ह्याच आठवड्यात कर, फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी बघून घे. धडधडीला नेहमी मनच कारण असतं असं नाही, आणि वर्षभर झोप नसणं हीसुद्धा डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, नुसतं ध्यान करून ढकलत न्यायची नाही.

आता तुझी वही. त्यातली नावं बघ, कुठलं गुरूंचं, कुठलं संस्थेचं, कुठलं ॲपचं, कुठलं गावाचं. नावावरून कळतं की हे कुणाकडे शिकायला मिळतं, पण डोळे मिटल्यावर आत नक्की करायचं काय ते कळत नाही, आणि म्हणूनच अकरा नावं लिहूनही तुझा गोंधळ कमी झाला नाही. मी कुणीही नवीन पद्धत सांगितली की एकच प्रश्न विचारते, मन भटकलं की काय करायला सांगितलंय? कारण मन सगळ्यांचंच भटकतं, सगळ्याच पद्धतींत भटकतं, त्यानंतर काय करायचं इथेच एक पद्धत दुसरीपासून वेगळी होते. हा प्रश्न तू वहीतल्या प्रत्येक नावापुढे लिही, बघ किती पटकन ढीग वेगळे होतात.

पहिला ढीग सगळ्यात मोठा. इथे उत्तर असतं, परत आण. एक वस्तू ठरवायची, मन गेलं की परत त्या वस्तूवर. ॲपमधलं श्वास मोजणं, क्लासमधलं दिव्याच्या ज्योतीवरचं त्राटक, यूट्यूबवालं भुवयांच्या मध्ये किंवा कुठल्या चक्रावर लक्ष ठेवणं, हे सगळं एकाच जातीचं आहे, फक्त वस्तू बदलते. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे आचार्य होते, त्यांनी ध्यानाचे ४० विषय लिहून ठेवलेत, मातीचा गोल, पाणी, रंग, श्वास, मृत्यूची आठवण असे, आणि श्वासाबद्दल बोलताना ते रानटी वासराचं उदाहरण देतात, खांबाला बांधलं की आधी ओढाताण करतं आणि शेवटी खांबाजवळच बसतं. मला त्या आचार्यांची खरी कमाल वाटते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यांनी विषयांबरोबर माणसांचेही सहा स्वभाव सांगितले आणि कुठल्या स्वभावाला कुठला विषय ते जोडून दिलं. रागीट माणसाला मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, किंवा रंग, श्रद्धाळूला बुद्धाच्या गुणांची आठवण वगैरे, आणि ज्याच्या डोक्यात विचारांचं चक्र थांबत नाही त्याला श्वास. म्हणजे तुझ्या ॲपने तुला जे दिलं ते तसं परंपरेला धरूनच आहे! पण डोक्यात विचार फिरणं वेगळं आणि श्वास म्हटला की घाबरगुंडी होणं वेगळं, ॲपला हा फरक विचारता येत नाही, समोर बसलेला माणूस विचारू शकतो.

दुसऱ्या ढिगात उत्तर उलटं असतं. परत आणायची घाई नको, कुठे गेलं ते बघ. विचार आला, विचार आहे हे कळलं, गेला. गुडघा दुखला, दुखणं कसं वाढतं कसं बदलतं ते बघितलं. जपानी झेनमधलं अर्धवट उघड्या डोळ्यांनी नुसतं बसणं ह्यातच येतं. विपश्यना पण इथलीच, पण इगतपुरीला गोयंका गुरुजींच्या पद्धतीने जी शिकवतात त्यात आधीचे साडेतीन दिवस पहिल्या ढिगातलं काम असतं, नाकाच्या खाली येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं आणि बरी वाटली म्हणून चिकटायचं नाही, वाईट वाटली म्हणून ढकलायचं नाही, आणि अगदी शेवटी मैत्रीभावना. म्हणजे एकाच शिबिरात तीन जातींची कामं. म्हणून कुणी "विपश्यना कर" एवढंच म्हटलं की मी विचारते, त्यातलं कुठलं?

तिसरा ढीग बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही. इथे सांगतात, जोर लावू नकोस. तुझी मैत्रीण जे शिकून आली ते बहुतेक महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान असावं, मंत्र न सांगण्यावरून मला तसं वाटतं. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, खुर्चीत बसलं तरी चालतं, मंत्र मनात येऊ द्यायचा, पुसट झाला तर होऊ द्यायचा, विचारांत वाहून गेलो हे लक्षात आलं की हळूच पुन्हा मंत्राकडे यायचं, पकडून ठेवायचं नाही. बाहेरून बघितलं तर हे आणि पहिला ढीग सारखेच दिसतात, पण आत करताना फार फरक पडतो. जी माणसं दिवसभर सगळं घट्ट धरून चालतात, हिशोब, घर, म्हातारे आईवडील, त्यांना पहिला ढीग म्हणजे अजून एक ड्युटी होऊन बसते आणि हा तिसरा मोकळा वाटतो.

ह्यापुढे मला आईच्या जपमाळेबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुझ्या पत्रात ती सगळ्यात पहिली आहे आणि तरी तू तिला घरचं म्हणून बाजूला ठेवलंयस असं मला वाटलं. नामस्मरणाला ध्यानाच्या यादीत शेवटचा नंबर देतात किंवा देतच नाहीत, आणि मला ते मनापासून पटत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, जप आहे, आणि नुसता जप नाही, त्याच्या अर्थाची भावना करत जप असं सांगितलंय. आपल्याकडे गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज, १९१३ साली गेले, त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, श्रीराम जय राम जय जय राम. पंढरीच्या वाटेवर माणसं चालता चालता रामकृष्णहरी म्हणतात. आता गंमत बघ, जप कसा करतेस त्यावर तो कुठल्या ढिगात जातो ते ठरतं. मोठ्याने, बोटांत मणी सरकवत, चुकलं की पुन्हा नामावर, तर पहिला ढीग, आणि इथे वस्तू तीन-तीन आहेत, जिभेला शब्द, कानाला आवाज, बोटाला मणी, मनाला धरायला जागाच जागा. मनातल्या मनात, सहज, तर तिसरा ढीग. आणि त्या नामाबद्दल आत काही ओलं होतंय, प्रेम वाटतंय, आधार वाटतोय, तर आता सांगते तो चौथा.

चौथ्या ढिगात सांगतात, मन एका भावनेने भर. मैत्रीभावना म्हणजे आधी स्वतःचं, मग जवळच्या माणसाचं, मग ओळखदेख नसलेल्याचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचंही भलं होवो असं मनात धरत जायचं. मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद, आणि उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समभाव, ह्या चार गोष्टी बौद्धांकडेही आहेत आणि पतंजलींकडेही त्याच नावांनी आहेत. इष्टदेवतेचं रूप डोळ्यांसमोर आणणं, ब्रह्माकुमारी उघड्या डोळ्यांनी करतात ते राजयोग ध्यान, हे पण मनात काहीतरी उभं करायचं ह्याच जातीचं. इथे मन भटकलं की परत वस्तूकडे नाही, परत भावाकडे यायचं.

पाचवा लहान आहे. तिथे विचारतात, भटकलं ते कुणाचं? रमण महर्षींचं मी कोण, आणि आपल्या मुंबईत खेतवाडीत राहून गेलेले निसर्गदत्त महाराज, त्यांचं मी आहे ह्या जाणिवेला धरून राहा. फार खोल गोष्ट आहे, पण रात्री तीनला जागी असलेल्या, घाबरलेल्या माणसाने एकट्याने सुरू करायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पाय जमिनीवर हवेत.

उरलेली नावं बघितलीस तर ती ध्यानाची नाहीतच. अनुलोम-विलोम, भ्रामरी, सुदर्शन क्रिया ह्यांत श्वास मुद्दाम बदलतो, म्हणून ते प्राणायामाच्या बाजूचं. श्वास बघणं आणि श्वास बदलणं ह्यात गल्लत करू नकोस, तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही, जोरात जोरात श्वास घ्यायचे प्रकार सध्या बंद. योगनिद्रा आडवं पडून करतात, मुंगेरच्या सत्यानंद सरस्वतींनी आज क्लासमध्ये घेतात तो साचा रूढ केला, संकल्प, मग अंगाच्या एकेका भागावर लक्ष फिरवणं, जड-हलकं वाटणं, डोळ्यांसमोर चित्रं, पुन्हा संकल्प. ती विश्रांतीची पद्धत म्हणून फार चांगली आहे. ओशोंचं डायनॅमिक ध्यान तू लिहिलेलं नाहीस पण पुण्यात कुणीतरी सांगेलच, त्यात एका तासातली पहिली दहा मिनिटं वेगाने श्वास, तेव्हा ते आत्ता नको.

हे ढीग मी हवेतून काढलेले नाहीत बरं का. २००८ साली लुट्झ, डेव्हिडसन वगैरे संशोधकांनी ध्यानाचे दोन गट मांडले, एका वस्तूवर लक्ष आणि खुलं निरीक्षण. २०१० मध्ये ट्रॅव्हिस आणि शियर ह्यांनी तिसरा गट जोडला, आपोआप ओलांडून जाणारं, म्हणजे भावातीतवालं, ह्यातले ट्रॅव्हिस महर्षी महेश योगींच्याच विद्यापीठातले हे लक्षात ठेवून वाचायचं, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. २०१५ मध्ये पुन्हा नवी मांडणी झाली, लक्ष घडवणारी, भाव घडवणारी आणि मी-पणाची उकल करणारी. माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र जर्मनीत लाइपझिगचा, तानिया सिंगर ह्यांनी सुमारे ३०० लोकांना तीन-तीन महिन्यांचे वेगवेगळे ध्यान-प्रकार शिकवले आणि परिणाम वेगवेगळे आले. श्वास आणि शरीरावरच्या ध्यानाने लक्ष सुधारलं, पण लोकांसमोर परीक्षा द्यायच्या वेळी अंगात जे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं ते त्याने फारसं कमी झालं नाही, ते कमी झालं भावनेच्या आणि दुसऱ्याच्या नजरेने बघण्याच्या सरावाने, जो ते लोक जोडीने बोलून करत होते. म्हणजे "सगळं एकच, कुठलंही करा" हे जे आपण ऐकतो ते खरं नाही. जे कराल ते वाढतं.

मग खरं कुठलं? पतंजलींनी मन स्थिर करायचे उपाय सांगताना प्रत्येकापुढे "वा" लिहिलंय, किंवा हे, किंवा ते, श्वास सोडून धरणं, किंवा आतला शोकरहित प्रकाश, किंवा झोपेतल्या-स्वप्नातल्या ज्ञानाचा आधार, आणि यादी संपते ती यथाभिमतध्यानाद्वा वर, किंवा तुला जे रुचेल त्याचं ध्यान. आणि पुढे तिसऱ्या पादात त्यांनी हेही स्पष्ट केलंय की मन एका जागी बांधणं ही धारणा, आणि तीच एकसलग वाहायला लागली की ध्यान. तेव्हा वहीतल्या नावांत खरं-खोटं शोधू नकोस, ती सगळी सुरुवात करायची दारं आहेत, तुला कुठल्या दाराची कडी सहज निघते तेवढं बघायचं.

तुझ्यासाठी मी हे सांगेन. दिवसा, डोळे उघडे ठेवून चालणं. गच्चीवर, कॉलनीत, कुठेही, दहा मिनिटं, हळू, पाय उचलला, टेकला, तळव्याला काय लागलं. बौद्ध भिक्खू ह्याला चंक्रमण म्हणतात आणि बसण्याइतकंच मानाचं समजतात. श्वासाचा संबंधच नाही आणि लक्ष छातीपासून सगळ्यात लांब, तळपायात. मन गेलं की पायाकडे. आणि संध्याकाळी आईजवळ बसून एक माळ, मोठ्याने किंवा ओठ हलतील इतपत, कारण आवाज करत जप केला की श्वास आपोआप लांब सुटतो आणि तुला त्याच्याकडे बघावंही लागत नाही. देवावर विश्वास आहे की नाही ह्याचा आत्ता हिशोब नको, तुला नामाने बरं वाटतंय का एवढं बघ, नाही वाटलं तर त्याच जागी मैत्रीभावना कर, बाबांपासून सुरू कर, बाबा बरे होवोत. रात्री तीनला उठून मात्र ध्यानाला बसू नकोस, त्या वेळी "ध्यान करून झोप आणते" असं ठरवलं की झोप आली का आली का ह्याचीच तपासणी सुरू होते. तेव्हा आडवं पडूनच योगनिद्रेतलं अंगावर लक्ष फिरवणं कर, पायाच्या अंगठ्यापासून, आणि मध्येच झोप लागली तर लागू दे. क्लासमध्ये मॅडम झोपू नका म्हणतात ते दिवसा बरोबर आहे. त्राटक रात्री नको, डोळ्यांना त्रास असेल तर दिवसाही नको.

सगळं थोडं थोडं करू का विचारलंस. एका वेळी एका ढिगातलं एकच धर, निदान सहा-आठ आठवडे. वेगवेगळ्या ढिगांतल्या सूचना एकमेकींना छेद देतात गं, सकाळी सांगायचं मनाला परत आण, दुपारी सांगायचं बघत राहा, रात्री सांगायचं सोडून दे, मन बिचारं कुणाचं ऐकणार? चालणं आणि जप चालेल कारण दोन्हींत सूचना एकच आहे, परत ये. आठ आठवडे मी उगाच म्हणत नाही, अमेरिकेत जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ मध्ये हॉस्पिटलच्या पेशंटांसाठी जो माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला तो आठ आठवड्यांचाच आहे, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंतेचा आजार असलेल्या २७६ लोकांत त्या कोर्सचा उपयोग एसिटॅलोप्राम ह्या नेहमीच्या गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण ते लोक शिक्षकाबरोबर, गटात, रोज पाऊण तास घरी करून शिकले होते. हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांनी दिली असेल तर दोन्ही बरोबर चालतं.

चालताना किंवा जपातही धडधड आली तर जोर करून बसून राहायचं नाही. डोळे उघड, उठ, थंड पाण्याने तोंड धू, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. बसल्यावर त्रास वाढतो म्हणजे "आतली घाण बाहेर पडतेय" असं तुला कुणीतरी सांगेल, प्लीज ऐकू नकोस. ध्यानातून काही जणांना भीती, झोप उडणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास होतात आणि ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन ह्यांनी त्यावर कित्येक वर्षं काम केलंय, ही खरी गोष्ट आहे, तुझ्या मनाची कमजोरी नाही. रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ लाव, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि इगतपुरी. भावाचं मन चांगलं आहे, तिथल्या धम्मगिरी केंद्रात जाऊन कितीतरी लोकांचं आयुष्य खरोखर बदललंय आणि तिथे फी घेत नाहीत ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण ह्या दिवाळीत तू जाऊ नकोस. पहाटे चारला उठणं, दिवसाला दहाएक तास बसणं, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन नाही, आणि आधीचे तीन दिवस नुसता श्वास, नेमकी तुझी दुखरी जागा. शिवाय तिथे शिबिर चालू असताना जप, मंत्र, बाकीच्या पद्धती सगळं बाजूला ठेवायला सांगतात, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण मग तुझ्या हातात धरायला जे असेल तेही सुटेल. आधी झोप येऊ दे, डॉक्टरांचं होऊ दे, बाबांचं ऑपरेशन पार पडू दे, श्वासाकडे पाच मिनिटं बघितलं तरी धडधडत नाही इथपर्यंत ये. मग उन्हाळ्यात फॉर्म भर, आणि त्यात तब्येतीचा, मनाच्या त्रासाचा जो प्रश्न असतो तिथे ह्या वर्षाचं सगळं खरं लिही, गोळ्या चालू असतील तर नावासकट. तिथल्या आचार्यांनी अजून थांबा म्हटलं तर थांब.